जागा भरपूर, फक्त मोठी गाडी आणू नका (बहुमजली पार्किंगचा रिव्ह्यू)

हॅचबॅकवाल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, तुम्हाला हे पार्किंग आवडेलच. उजेड चांगला, तिकिटाचं मशीन चालतं, लिफ्ट जवळ. पण आमची सात सीटर एसयूव्ही आहे आणि तमाशा तिथून सुरू होतो.

शेवटी टेप काढून स्लॉट मोजलाच. रुंदी 2.3 मीटर, लांबी 4.5. गाडी 1.9 रुंद आणि 4.7 लांब, म्हणजे मागे टेकेपर्यंत घेतली तरी नाक वीतभर लेनमध्ये. आणि अगदी मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना 20-20 सेंटिमीटर, शेजारच्यानेही तेवढीच सोडली असेल तर मिळून 40, आता त्यात दार उघडायचं, दाराची स्वतःची जाडी वजा करायची आणि उरलेल्या फटीतून माणसाने बाहेर यायचं. वर ब्रोशरमधल्या रुंदीत आरसे सहसा धरलेलेच नसतात! आम्ही आता सगळ्यांना आधी लेनमध्येच उतरवतो, मग आरसे मिटून गाडी आत. आजींना तेवढ्यात मागच्या गाडीवाल्याचे हॉर्न ऐकावे लागतात.

खांबाशेजारचे स्लॉट तर विचारूच नका. खांब स्लॉटच्या टोकाला असता तर एक वेळ चाललं असतं, तिथे दार नसतं, पण इथे बरोब्बर पुढच्या दाराच्या बिजागरीसमोर. प्रत्येक खांबावर चार-पाच रंगांचे ओरखडे आहेत, त्यावरून काय ते समजा.

लेनही पाच मीटरच्या आतच. काटकोनातल्या पार्किंगला दुतर्फा लेन साधारण सहा मीटर तरी लागते, त्यात समोरासमोरच्या गाड्यांची नाकं बाहेर आलेली, त्यामुळे मोठी गाडी एका दमात वळतच नाही. पुढे-मागे, पुढे-मागे, आणि सिक्युरिटीवाले दादा "येऊ द्या येऊ द्या" म्हणत राहतात, सेन्सर मात्र बोंबलत असतो. स्लॉट तिरके आखून लेन एकतर्फी केली असती तरी निम्मा त्रास गेला असता.

"एवढ्या मोठ्या गाड्या घेता कशाला" हे ऐकून झालंय आणि त्यात तथ्य आहेच. 1959 ची मूळ मिनी जेमतेम 1.4 मीटर रुंद होती, आणि ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट या युरोपियन संस्थेने 2024 मध्ये सांगितलं की तिकडे नव्या गाड्यांची सरासरी रुंदी 180 सेंटिमीटरच्या वर गेलीय, दर दोन वर्षांना साधारण एक सेंटिमीटर वाढतेय. गाड्या फुगल्यात, मान्य. पण ही इमारत नवीकोरी आहे हो! आखणाऱ्याला रस्त्यावरच्या गाड्या दिसत नव्हत्या का?

मला तर वाटतं सगळा खेळ बोर्डावरच्या आकड्यासाठी आहे. पट्टे अरुंद मारले की स्लॉट जास्त दिसतात. प्रत्यक्षात एक एसयूव्ही पट्ट्यावर चढली की शेजारचा स्लॉट वाया, त्यात स्कूटरसुद्धा धड बसत नाही, आणि बोर्ड "जागा उपलब्ध" दाखवत राहतो. नियम पाळून छोटी गाडी लावणाऱ्याचं दार ठोकलं जातं ते वेगळंच.

दोन स्टार. तेही लाइट आणि लिफ्टचे. मोठी गाडी असेल तर खालचे मजले सोडा, थेट सगळ्यात वर गच्चीवर जा, तिथे मध्ये खांब नाहीत आणि गर्दी कमी. ऊन लागतं, पण दार पूर्ण उघडतं.