मर्फीचं रिकामं खोकं आणि माझे १३,४०० रुपये

गेली अकरा वर्षं मी जुने ट्रान्झिस्टर रेडिओ जमवतो, दुरुस्त करतो. त्यामुळे 'माहिती नसताना कशाला पडलात' असं कुणी म्हणू नये. तरीही फसलो, आणि हे लिहिताना कान तापतायत.

मर्फीचा तीन बँडचा, चामडी कव्हरचा सेट. अगदी असाच बाबांचा होता. त्यांचं वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं, फोटोशेजारी तो ठेवायचा होता. जाहिरातीत आतला फोटोही होता : जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर (त्या काळचे सुटे भाग), गँग (स्टेशन बदलणारा भाग), फेराइट रॉड (आतली अँटेना), सगळं जागच्या जागी. २,००० आगाऊ दिले. मग चालू सेटचा व्हिडिओ आला आणि मी उरलेले ६,५०० व कुरिअरचे ६५० पाठवले.

त्या व्हिडिओतच सगळं होतं. विकणाऱ्याने अंगठ्याने बटण फिरवलं, काटा ५५ पासून १६० पर्यंत गेला आणि गाणं एकसारखं वाजत राहिलं. खरखर नाही, शिट्टी नाही. मीडियम वेव्हवर असं होतं का कधी? आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे (डायलवर शेवटचा आकडा गाळलेला असतो) काटा ८० च्या जरा अलीकडे असला तरच लागतं, हे मी झोपेतही सांगेन. व्हिडिओ चार वेळा पाहिला. चारही वेळा माझी नजर पट्ट्याच्या पांढऱ्या शिवणीवर! सेट आडवा फिरवायला सांगायचा होता. फेराइट रॉडची दिशा बदलली की मीडियम वेव्हचा आवाज पडतो. तेवढंही सुचलं नाही.

पार्सल उघडलं तर आत गँग नाही, रॉड नाही. काड्यापेटीएवढा ब्लूटूथचा बोर्ड गरम गोंदाने चिकटवलेला, आणि काट्याचा दोरा नुसत्या चाकावर गुंडाळलेला. तुम्ही असा सेट घेत असाल तर विकणाऱ्याला मागचं झाकण उघडून, सेट वाजत असताना, व्हिडिओ कॉलवर दाखवा म्हणा. नाही म्हणाला की विषय संपला.

फोन केला तर "काका, चुकून गेला, पैसे परत देतो, कोड स्कॅन करा." रात्रीचे साडेदहा, डोक्यात राग, वर त्याची घाई. मी पिन टाकला आणि आणखी ४,२५० गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही.

बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकलात ना?" हे एकच वाक्य तीन टेबलांवर ऐकलं. चौकीत पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी "वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली?" तिसऱ्या दिवशी एकाने खोकं हातात घेऊन विचारलं, "या भंगाराला नऊ हजार?" बाजूचे हसले. अहो, वस्तूची किंमत ठरवायला आलो होतो का मी? खात्याचा नंबर, फोन नंबर, व्यवहाराचे क्रमांक, सगळं कागदावर लिहून दिलं होतं. अर्ज घेतला, पोच दिली नाही. मागितली तर "नंतर या." माणसाने दाद मागायची कुठे? निदान तुम्ही चौकीच्या खेपांत दिवस घालवू नका. पैसे गेल्याचं कळताच, त्याच मिनिटाला १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावा. मी ते तीन दिवसांनी केलं.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवं, फोटो तेच, पट्ट्यावरची पांढरी शिवण तीच. या वेळी किंमत ९,५०० आहे.