पर्यावरण सल्लागाराचं वाढतं बिल: टप्पानिहाय करार वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

दगडखाणीला पर्यावरण मंजुरी घ्यायची, त्यात ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) करायचा म्हटला की मान्यताप्राप्त सल्लागाराशिवाय पान हलत नाही. आणि एकदा त्याचं काम सुरू झालं की बिल कुठे थांबेल हे सुरुवातीला कोणीच ठामपणे सांगत नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या काही काळ्या दगडाच्या खाणमालकांचं परवानग्यांचं काम मी बघतो. शेजारशेजारच्या खाणपट्ट्यांचा एकत्र ईआयए करायचं ठरलं तेव्हा आम्ही एकरकमी काम दिलं नाही. टप्पानिहाय करार केला आणि सोबत एक साधा कामाचा तक्ता ठेवला: कोणतं काम ठरलेल्या रकमेत, कोणतं बाहेर, आणि बाहेरचं निघालं तर ते कोणामुळे. ही पद्धत जवळपास वर्षभर वापरतोय. एका वाक्यात सांगायचं तर बिल वाढायचं पूर्ण थांबलं नाही, पण न विचारता वाढायचं थांबलं. माझ्या मते हा फार मोठा फरक आहे.

दोन-तीन हेक्टरच्या खाणमालकावर एवढा खर्च का आला, हे नवीन लोकांना माहीत नसतं म्हणून थोडक्यात. २००६ च्या ईआयए अधिसूचनेत पाच हेक्टरखालच्या खाणी मंजुरीच्या बाहेर होत्या. सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ ला त्यांनाही आत आणलं. जानेवारी २०१६ च्या दुरुस्तीने छोट्या पट्ट्यांसाठी जिल्हा पातळीवरची सोपी वाट काढली, आणि पाचशे मीटरच्या आत असलेले पट्टे एक क्लस्टर, म्हणजे एकत्रित गट, धरायचं ठरलं. सप्टेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती सोपी वाट अडवली. तेव्हापासून पाच हेक्टरच्या वर जाणाऱ्या क्लस्टरला ईआयए आणि जनसुनावणी, दोन्ही लागतात. म्हणजे ज्याचा एकट्याचा पट्टा दीड हेक्टर आहे त्याच्याही वाट्याला जवळपास मोठ्या कंपनीएवढीच प्रक्रिया येते. ही प्रक्रिया असावी, असंच माझं मत आहे. आमच्याकडे खाणींच्या खालच्या अंगाला बागायती विहिरी आहेत, तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय खोदकाम वाढू नये. खर्च मात्र सगळ्यांनी मिळून उचलला तरच झेपतो.

करारातली पैशांची विभागणी आम्ही अशी केली. टीओआरचा (ईआयएत काय काय तपासायचं ते ठरवणाऱ्या कार्यकक्षेचा) अर्ज परिवेश या पर्यावरण मंजुरीच्या सरकारी पोर्टलवर स्वीकारला गेला की १५ टक्के. बेसलाइन, म्हणजे परिसराच्या सध्याच्या स्थितीची मोजणी, पूर्ण होऊन कच्ची माहिती आमच्या हातात आली की ३०. मसुदा अहवाल आणि मराठी सारांश प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दाखल झाला की २०. सुनावणीतल्या मुद्द्यांची उत्तरं घालून अंतिम अहवाल झाला की १०. राज्यस्तरीय तज्ज्ञ समितीसमोर सादरीकरण झालं की १५. उरलेले १० समितीचा निर्णय आल्यावर, निर्णय कोणताही असो. शेवटच्या अटीवरून आमच्यात बरीच चर्चा झाली. काहींचं म्हणणं होतं की मंजुरी मिळाली तरच शेवटचा हप्ता द्यावा. मी त्याला ठाम विरोध केला. मंजुरीवर पैसे टांगले की सल्लागाराला अहवालातली अडचणीची गोष्ट झाकावीशी वाटणार, आणि खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर त्या अधिसूचनेखालीच मंजुरी रद्द होऊ शकते. तोटा शेवटी मालकाचा.

आता बेसलाइनबद्दल सविस्तर सांगतो, कारण सर्वात जास्त पैसा तिथे जातो आणि सर्वात जास्त वाचवता येतो तोही तिथेच. पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती लागते. हवेचे नमुने आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे, प्रत्येक वेळी चोवीस तास. म्हणजे एका ठिकाणचे २४ नमुने. आमची ठिकाणं आठ, तर १९२ नमुने. कोटेशनमध्ये हे सगळं ‘पर्यावरणीय निरीक्षण’ अशा एका ओळीत येतं. आम्ही ती ओळ फोडून घेतली: ठिकाणागणिक दर, नमुन्यागणिक दर, यंत्राचं भाडं वेगळं, माणसाचा मुक्काम वेगळा. फोडल्याबरोबर दिसलं की जनरेटरची रक्कम डोळ्यांत भरण्याएवढी आहे.

जनरेटर का लागतो? धुळीचं यंत्र सलग चोवीस तास चालायला हवं. सल्लागाराच्या माणसाने नकाशावर वाऱ्याची दिशा बघून ठिकाणं ठरवली होती आणि त्यातली काही शेतातल्या घरांवर होती. ती घरं शेतीपंपाच्या फीडरवर. तिथे सलग चोवीस तास वीज मिळणं कठीण, आठ-आठ तासांच्या पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. वीज गेली की नमुना बाद, पुन्हा घ्यायचा, आणि त्याचं बिल ‘अतिरिक्त नमुना’ म्हणून आपल्या नावावर. शिवाय जनरेटर जवळ ठेवला तर त्याचाच धूर यंत्रात. आम्ही गावचा वायरमन सोबत घेतला आणि त्याच दिशेला, त्याच अंतरावर, पण गावठाण फीडरवरची ठिकाणं शोधली: शाळेचं छत, ग्रामपंचायतीची गच्ची, दूध संकलन केंद्र. मोजणीची शिस्त तशीच राहिली, एकही गाव वगळलं नाही, आणि जनरेटरची ओळ एका ठिकाणापुरती उरली. हे काम सल्लागार करू शकत नाही, त्याला आपल्या गावचे फीडर माहीत नसतात. मालकाच्या बाजूच्या माणसानेच करायचं.

बाद झालेल्या नमुन्याचा खर्च कोणाचा, हेही आधीच लिहून घेतलं होतं. वीज गेल्यामुळे बाद झाला तर निम्मा-निम्मा, यंत्र बिघडलं किंवा फिल्टर पेपर फाटला तर त्यांचा, आमच्या डंपरने यंत्राशेजारी धूळ उडवली तर आमचा. वाचायला क्षुल्लक वाटेल, पण तीन महिन्यांत एकदाही वाद झाला नाही.

दुसरी मोठी गोष्ट कच्च्या माहितीची. फिल्टरचे आधीचे आणि नंतरचे वजन, शेतातल्या नोंदींची पानं, तारखेसह फोटो, प्रयोगशाळेचे सही-शिक्क्याचे मूळ अहवाल, हे सगळं आमच्या मालकीचं असेल असं कलम घातलं. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची आहे ना, आणि तिच्या मान्यतेत हवा-पाण्याचे तेच घटक आहेत ना, हेही प्रमाणपत्र उघडून बघितलं. बेसलाइन तीन वर्षांपर्यंत चालते. उद्या काही कारणाने सल्लागार बदलावा लागला तर माहिती आपल्या कपाटात असेल, म्हणजे पुन्हा शून्यापासून पैसे भरावे लागणार नाहीत. आमच्या ओळखीच्या एका खाणमालकाची संपूर्ण बेसलाइन आधीच्या सल्लागाराच्या संगणकात अडकून पडली, त्याला पुढचा हिवाळा पुन्हा मोजणीत घालवावा लागला. ते बघूनच हे कलम सुचलं.

बिल वाढण्याचं एक कारण मात्र सल्लागाराकडे नसतं, आपल्याकडे असतं, आणि तक्ता ठेवल्यामुळे ते अगदी स्पष्ट झालं. आमच्यातल्या एका मालकाने मध्येच वार्षिक उत्पादन वाढवून मागितलं. कागदावर एक आकडा बदलला, पण त्यामागे खाण आराखडा बदलला, डंपरच्या फेऱ्या बदलल्या, रस्त्यावरच्या वाहतुकीचं गणित बदललं, धुळीचं मॉडेल पुन्हा चालवावं लागलं, अहवालाची तीन प्रकरणं नव्याने लिहावी लागली. सल्लागाराने त्याचे जादा पैसे मागितले आणि ते रास्त होते. तक्त्यात ‘कोणामुळे’ हा रकाना होता म्हणून ते त्या मालकाच्या हिशेबात गेले, बाकीच्यांवर पडले नाहीत. तेव्हापासून आमचा नियम: खाण आराखडा मंजूर, जमीन मोजणीच्या नकाशाची क-प्रत हातात आणि सीमास्तंभांचे अक्षांश-रेखांश सातबाऱ्याच्या गट नंबरांशी ताडून घेतलेले, याशिवाय सल्लागाराला कामाचा आदेश नाही. केएमएल फाईल (खाणीची हद्द नकाशावर दाखवणारी संगणकातली फाईल) आणि मोजणी यांत थोडा जरी फरक निघाला तरी पोर्टलवरून त्रुटी निघते, आणि प्रत्येक त्रुटीच्या उत्तराला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात.

खर्चाची आपसांतली वाटणी कशी करायची, यावर सगळ्यात जास्त बैठका झाल्या. छोट्यांचं म्हणणं हेक्टरवर करा, मोठ्यांचं म्हणणं समान करा. शेवटी निम्मा खर्च समान आणि निम्मा क्षेत्रानुसार असं ठरलं. अहवाल एकच असतो, सुनावणी एकच असते, त्यामुळे ठराविक खर्च सगळ्यांचा सारखाच. धूळ आणि वाहतूक मात्र ज्याची जास्त त्याने जास्त उचलावी. ही वाटणी आतापर्यंत टिकली आहे.

कोटेशन घेताना सल्लागाराची क्यूसीआय-नॅबेट (ईआयए सल्लागारांना मान्यता देणारी संस्था) मान्यता खाणकाम या क्षेत्रासाठी, आपल्या प्रकल्पाच्या प्रवर्गासाठी आणि पुढच्या दोनेक वर्षांसाठी आहे का, हे यादीत स्वतः बघा. अहवालावर सही करणारे विषयतज्ज्ञ कोण, ते प्रत्यक्ष साइटवर येणार का, हेही करारात हवं. आम्ही भूजलतज्ज्ञ आणि परिसंस्थातज्ज्ञ यांच्या किमान एका भेटीची अट घातली. मंत्रालयाने २०१५ मध्ये क्षेत्रनिहाय प्रमाणित टीओआर काढले आहेत, ते कोटेशनच्या आधी वाचून घ्या. त्यात असलेलं काम नंतर ‘जादा’ म्हणून दाखवलं गेलं तर लगेच ओळखता येतं. आमच्याकडे असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा सल्लागाराने ती रक्कम वाद न घालता काढून टाकली.

सर्वात स्वस्त कोटेशन आम्ही घेतलं नाही. इतक्या कमी पैशांत कोणी तीन महिने यंत्रं चालवू शकत नाही, मग आकडे येणार कुठून? रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या बॉक्साइट प्रकल्पाच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा सापडला होता, स्प्रूस आणि बर्चच्या जंगलांसकट. कोकणातल्या माणसाच्या आंबा-काजूचं काय होणार हे ज्या कागदाने सांगायचं, त्यात थंड प्रदेशातली झाडं. असा अहवाल फुकट मिळाला तरी महाग आहे, आणि त्यात गावाचा अपमान आहे.

म्हणूनच वाचलेल्या पैशांतला काही भाग आम्ही भूजलाच्या अभ्यासाकडे वळवला. करारात मुळात ठरावीक विहिरींची पातळी एकदाच मोजायची होती. आम्ही खालच्या अंगाच्या विहिरी वाढवल्या आणि हिवाळ्यात व उन्हाळ्यात अशी दोनदा मोजणी करून घेतली, शेतकऱ्याला समोर उभं करून, त्याच्या वहीत आकडा लिहून देऊन. हे काम मात्र एकरकमी ठरवू नका. किती विहिरी निघतील, बोअर किती खोल असतील, आधी कळत नाही. प्रत्यक्ष कामावर दर ठेवला आणि वर कमाल मर्यादा घातली, ते योग्य ठरलं. जनसुनावणीत पाण्याचेच प्रश्न सर्वात जास्त आले. विहिरींचे आकडे ज्यांच्या त्यांच्या वहीत होते, त्यामुळे बोलणं आकड्यांवर झालं. एका शेतकऱ्याने आपल्या विहिरीचा आकडा अहवालात चुकीच्या गटावर पडलाय हे वहीवरून दाखवून दिलं, आणि ती दुरुस्ती अंतिम अहवालात झाली.

जनसुनावणीचा खर्च करारात नसतो, हे लक्षात ठेवा. तीस दिवस आधीची वर्तमानपत्रातली जाहिरात, मांडव, ध्वनिक्षेपक, चित्रीकरण, हे वेगळं. सल्लागाराच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा, कोटेशनची तुलना करताना तो धरला आहे की नाही ते विचारा. मराठी सारांश आम्ही परत करून पुन्हा लिहून घेतला. पहिला वाचून कोणालाच काही कळलं नसतं, आणि ज्यांच्यासाठी तो काढतात त्यांनाच कळणार नसेल तर त्याचे पैसे का द्यायचे?

पद्धतीच्या उणिवाही आहेत. आपल्या बाजूने एक माणूस जवळपास पूर्णवेळ द्यावा लागतो. ज्याचा एकच छोटा पट्टा आहे आणि आजूबाजूला क्लस्टर नाही, त्याला हा व्याप परवडणार नाही. त्याने निदान कच्च्या माहितीचं आणि ‘कोणामुळे’चं कलम तरी घालावं. काही सल्लागार इतके बारीक टप्पे बघून कामच नाकारतात, तर काही पहिला हप्ता वाढवून मागतात. आमच्या सल्लागारालाही सुरुवातीला हा अविश्वास वाटला. मात्र प्रत्येक टप्प्याचे पैसे आम्ही ठरल्या आठवड्यात दिले, तेव्हापासून त्याचाही सूर बदलला. उशिरा पैसे देणाऱ्याने ही पद्धत वापरूच नये.

विलंबाचं कलम मात्र आमचं अजून कच्चं आहे. मंजुरी देणारं राज्य प्राधिकरण आणि तज्ज्ञ समितीची मुदत तीन वर्षांची असते. ती संपून नवी नेमणूक रखडली तर प्रकरण पडून राहतं, दोष ना आपला ना सल्लागाराचा, आणि त्या काळात दरवाढ मागितली जाते. पुढच्या करारात पहिले सहा महिने दर स्थिर आणि त्यानंतर ठरावीक टक्के वाढ असं लिहिणार आहोत.

मंजुरीनंतरचे सहामाही अनुपालन अहवाल, जून आणि डिसेंबरचे, या करारात नाहीत. ते काम पट्टा चालू असेपर्यंत चालतं, त्यामुळे मूळ सल्लागारालाच आपोआप देऊ नका. आम्ही त्यासाठी दोन प्रयोगशाळांकडून वेगळे दर मागवले आहेत, आणि विहिरींची पातळी त्यात आधीपासूनच घातली आहे.