नॅशनल ट्रस्टची फॅमिली मेंबरशिप, दहा महिने वापरून झाल्यावर

नॅशनल ट्रस्ट म्हणजे इथले जुने वाडे, बागा, रानं सांभाळणारी संस्था. तिची मेंबरशिप गेल्या सप्टेंबरात घेतली, आता जुलै चालू आहे. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, मोठा आठ वर्षांचा, धाकटी चारची, आणि एप्रिलपासून सासू-सासरे साताऱ्याहून आलेत सहा महिन्यांच्या व्हिसावर. घ्यावी का म्हणून तीन-चार मैत्रिणींनी विचारलं, प्रत्येकीला तुकड्या-तुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते.

आधी पैशांचं. दोन मोठी माणसं आणि मुलं धरून वर्षाला दीडशे पौंडांच्या वर जातात. त्यात जुने वाडे, बागा यांचं तिकीट आलं आणि ट्रस्टच्या बहुतेक सगळ्या कारपार्कमध्ये गाडी फुकट लावता येते. पाच वर्षांखालच्या मुलांना तसंही तिकीट लागत नाही, त्यामुळे पोरं अगदी लहान असतील तर हिशेब नीट करून बघा. आमचे पैसे फेब्रुवारीपर्यंतच वसूल झाले होते.

पण मला खरा फरक पडला तो म्हणजे आता आम्ही दीड तासासाठीपण बाहेर पडतो. आधी कुठेही गेलो की तिकिटाचे एवढे पैसे दिलेत म्हणून सकाळी दहापासून पाचपर्यंत फिरायचं, धाकटी दोन वाजताच रडकुंडीला यायची तरी अजून ती बाग राहिलीय, ते तळं राहिलंय म्हणत तिला ओढत न्यायचं, आणि घरी येईपर्यंत सगळेच चिडलेले. आता रविवारी जेवणं झाली की बूट घालून निघतो, बॅसिल्डन पार्क आमच्यापासून वीसेक मिनिटांवर आहे, पोरं पळतात, थर्मासातला चहा होतो, आणि कंटाळा आला की सरळ घरी. तिथला वाडा आतून दोनदाच बघितलाय, पण आवारात पंधरा वेळा तरी गेलो असू. एकच रान ऑक्टोबरात पिवळं, जानेवारीत उघडंबोडकं, आणि एप्रिलच्या शेवटी ब्लूबेलच्या रानफुलांनी जमीन निळी झालेली असं बघितल्यामुळे मोठ्याला आता तिथली झाडं ओळखीची झालीत, कुठलं कधी फुटतं ते तो आजीला सांगतो. (ब्लूबेलमध्ये पाय टाकू नका, तुडवली की परत उभी राहायला वर्षं लागतात, पायवाटेवरूनच फोटो काढा.)

बॅसिल्डनबद्दल अजून एक सांगायलाच हवं. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, प्रत्येक बोर्ड वाचायची सवय आहे, आणि तिथे त्यांना कळलं की हा वाडा बांधला फ्रान्सिस साइक्सने, ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, मुर्शिदाबादच्या दरबारात कंपनीचा प्रतिनिधी (रेसिडेंट) होता, बंगालमध्ये अफाट पैसा केला आणि 1776 पासून इथे हे बांधकाम काढलं. बाबा बराच वेळ त्या जिन्यापाशी उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे हे आपल्याच पैशाचं." मला बरं वाटलं ते हे की ट्रस्ट ही गोष्ट झाकत नाही, 2020 साली त्यांनी स्वतःच गुलामगिरीशी आणि वसाहतींशी संबंध असलेल्या आपल्या 93 जागांचा रिपोर्ट काढला होता. मुलाला इतिहास शाळेत शिकवतीलच, पण आजोबांचा हात धरून तो त्या दगडी जिन्यावर जे ऐकून आला ते वेगळं. आम्ही तिथे जायचं थांबवलेलं नाही, जातो, आणि बोलतो त्यावर.

सासू-सासऱ्यांना आपल्या फॅमिली मेंबरशिपवर आत सोडत नाहीत, त्यांचं वेगळं तिकीट. म्हणून ते आल्यापासून आम्ही मोकळ्या जागा शोधल्या, डोंगर, रानं, दगड, जिथे माणसाला तिकीटच नसतं, फक्त पार्किंगचे पैसे असतात आणि ते आपल्याला माफ. त्यातली सगळ्यात आवडलेली जागा एव्हबरी. एम-फोर मोटरवेने तास-सव्वातास. स्टोनहेंज आपण सगळ्यांनी बघितलंय, तिथेही इंग्लंडमधल्या ट्रस्ट मेंबरना फुकट आहे पण वेळ आधी बुक करा, आणि दोरीच्या बाहेरून लांबून बघायचं. एव्हबरीचं उभ्या शिळांचं वर्तुळ एवढं मोठं की अर्धं गाव त्याच्या आत वसलंय, मेंढ्या दगडांना अंग घासत चरतायत, आणि आपण जाऊन खुशाल हात लावायचा. आईंनी (सासूबाईंनी) एका शिळेला दोन्ही हात टेकवले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "शेंदूर लावला की आपला म्हसोबाच गं हा." साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आसपास लोकांनी ओढत आणून उभे केलेले दगड, पुढे गाववाल्यांनी कित्येक पुरले, कित्येक आगीत तापवून गार पाणी ओतून फोडले आणि घरं बांधली. 1930 च्या दशकात अलेक्झांडर कीलर नावाच्या माणसाने, ज्याच्या घरी मार्मलेडचा धंदा होता, पुरलेले दगड उकरून परत उभे केले, आणि 1938 मध्ये एका दगडाखाली सांगाडा सापडला, जवळ नाणी आणि कात्री. पोराने ती गोष्ट घरी येईपर्यंत सहा वेळा सांगायला लावली.

अफिंग्टनचा पांढरा घोडापण बघा, टेकडीवर खडूच्या रेघांनी काढलेला, शंभर मीटरपेक्षा लांब, जवळजवळ तीन हजार वर्षं जुना. दरवर्षी लोक हातोड्या घेऊन नवा खडू ठोकतात म्हणून टिकलाय, नाहीतर गवताने कधीच झाकला असता. जवळ गेलं की नुसते पांढरे पट्टे दिसतात, घोडा दिसतो तो खालून, लांबून.

आता त्रास. गाडी नसेल तर विचार करून घ्या, बऱ्याच ठिकाणी बस नाही. मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला एका जागी (नाव नाही लिहीत) कारपार्क भरलेलं, गेटवरूनच परत पाठवलं, गाडीत सहा माणसं आणि उन्हाने तापलेली पोरं, फार वाईट वाटलं. तेव्हापासून साडेनऊच्या आत पोचतो नाहीतर तीननंतर. हिवाळ्यात बरेच वाडे बंद किंवा अर्धेच उघडे असतात आणि डिसेंबरात चारला अंधार, तेव्हा फक्त रानात जा. पुशचेअर नेऊ नका, कुंपणावरून चढायच्या लाकडी पायऱ्या असतात तिथे ती उचलून पलीकडे टाकावी लागते, आम्ही पाठीवर मूल घ्यायचा कॅरियर घेतला. चिखल मार्चपर्यंत असतो, वेलीज (गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट) प्रत्येकाला हवेतच, पोरांना एकट्यांना नाही. आणि नेटल, म्हणजे लागलं की आग होणारं झुडूप, ओळखायला शिकवा, धाकटीच्या पोटऱ्या लाल झाल्या होत्या.

जेवण घरचं न्या. कॅफेत शाकाहारी माणसाला सूप, जॅकेट पोटॅटो आणि चीज स्कोन, पण सहा जणांचं बिल मोठं होतं. आमचं ठरलेलं म्हणजे धपाटे, दह्याची चटणी, उकडलेली अंडी, आणि मग कॅफेतून एकच क्रीम टी (चहा, स्कोन, जॅम आणि घट्ट क्रीम) सगळ्यांत. आईंना क्लॉटेड क्रीम सायीसारखं लागतं, त्या जॅम लावत नाहीत.

बाबांना मात्र सगळ्यात आवडल्या घारी. इथल्या लाल घारी इंग्लंडमधून शंभरएक वर्षं नाहीशा झालेल्या, 1989 पासून स्पेनहून पिल्लं आणून चिल्टर्न्समध्ये सोडली, आता रेडिंगच्या गल्लीवरसुद्धा फिरतात. रोज अजिंक्यतारा चढणारा माणूस, इथे आल्यावर पहिला महिना गप्प गप्प होता. बॅसिल्डनच्या उतारावर गवतात पडून डोक्यावरच्या घारी मोजायला लागले आणि नातवाला शेपटीवरून कशी ओळखायची ते शिकवलं.

रिन्यूअल सप्टेंबरात आहे, करणार. आई-बाबा ऑक्टोबरात परत जातायत, त्याआधी आईंच्या गुडघ्याला झेपेल असा तो पांढरा घोडा खालच्या रस्त्यावरून दाखवायचाय, कुणाला गाडी थांबवायला चांगली जागा माहीत असेल तर सांगा.