विजापूरच्या शेर्झा बुरुजावर भेटलेला गाइड: पाचपैकी साडेचार

कोल्हापुरात फाउंड्रीत माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे विजापूरला गेलं की गोल घुमटाआधी पाय मुलूखमैदान तोफेकडे वळतात. यंदा पहिल्यांदाच गाइड केला. दोन तासांचे ७०० रुपये घेतले, मराठी छान, हेल कानडी.

बाकीचे तोफेच्या सिंहमुखातला हत्ती दाखवतात, फोटो काढतात आणि निघतात. या काकांनी मला वाकून आत बघायला लावलं. तोंड जवळजवळ ७० सेंटिमीटर रुंद, वजन ५५ टनांच्या घरात. १५४९ साली अहमदनगरात ओतलेलं हे काम. एवढं काशाचं ओतकाम वायू न अडकता, गार होताना तडा न जाता बाहेर काढणं काय असतं, ते मला माहीत आहे. पाचशे किलोच्या कास्टिंगला आमची झोप उडायची. हीच तोफ इंग्रजांच्या काळात १५० रुपयांना भंगारात निघाली होती, हे ऐकून पोटात तुटलं.

मग मी विचारलं, २३ जानेवारी १५६५ ला तालिकोटच्या (रक्कसगी-तंगडगीच्या) लढाईत दख्खनच्या सुलतानांपुढे विजयनगर हरलं कसं? लहानपणापासून ऐकलेलं उत्तर एकच, फितुरी. काकांनी ते नाकारलं नाही, पण तेवढ्यावर थांबलेही नाहीत. खाली बसून खडे मांडले. मध्यभागी अहमदनगरचा हुसेन निजामशाह, पुढे तोफांच्या तीन रांगा, मोठ्या, मधल्या, लहान. तवारिखांत, म्हणजे त्या काळच्या इतिहासग्रंथांत, आकडा ६०० चा आहे. रांगांपुढे तिरंदाज. शत्रू जवळ येईपर्यंत तोफा त्यांच्याआड, मग तिरंदाज बाजूला आणि एकदम मारा. जवळच्या माऱ्याला तोफांत तांब्याची नाणी भरली होती म्हणतात. तोफा विजयनगरकडेही होत्या, पण विजयनगरची सूत्रं सांभाळणाऱ्या रामरायाचं वय झालेलं, तो पालखीतून लढाईवर नजर ठेवून होता. तो पकडला गेला, शिर उतरवून सैन्याला दाखवलं आणि फळी फुटली.

मला सगळ्यात पटला तो त्याआधीचा भाग. एकमेकांशी भांडणाऱ्या सुलतानांनी आधी सोयरीक केली. निजामशाहाची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली, आंदणात सोलापूरचा किल्ला. सोलापूरवरूनच गाडी आणली होती, पण हे डोक्यात कधी आलं नव्हतं.

अर्धा गुण कापला, कारण रक्कसगी-तंगडगीचं रणमैदान ते दाखवायला नेत नाहीत आणि जुम्मा मशिदीत फार घाई केली. सकाळी नऊच्या आत गाठा, ऊन चढलं की बुरुजावर टेकायला सावली नाही. आणि खडे मांडून दाखवा, असं आवर्जून सांगा.