‘ते लुचिस आन्ते तेर्मिनुम’ : टॅलिसची बांधणी की लोकधून?

झोपण्यापूर्वीच्या कॉम्प्लिन या ख्रिस्ती प्रार्थनेतील या लॅटिन स्तोत्राची प्रत्येक ओळ आठ अक्षरांची असल्यामुळे ते अनेक चालींत बसते. प्रश्न आहे तो कोणती चाल निवडावी, हा.

सोळाव्या शतकातील इंग्रज संगीतकार थॉमस टॅलिसने 1575 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहात या स्तोत्राच्या दोन रचना दिल्या. पहिले आणि तिसरे कडवे प्लेनचांटमध्ये, म्हणजे साथीविना गायच्या जुन्या चर्चचालीत, सर्वांनी एकसुरात गायचे आणि मधले, दुःस्वप्ने दूर राहोत अशी याचना करणारे कडवे पाच आवाजांत, अशी त्यांची मांडणी आहे. मूळ चाल वरच्या आवाजात राहते आणि बाकीचे आवाज तिच्याभोवती फारसे न विखुरता चालतात, त्यामुळे शब्द स्पष्ट कानी पडतात.

दुसरा पर्याय म्हणजे लोकगीतांचे संग्राहक सेसिल शार्प यांनी इंग्लंडमधील सॉमरसेटमध्ये टिपलेल्या ‘ओ वॅली वॅली’सारखी लोकधून घेऊन तिला चार आवाजांचा साज चढवणे. ही चाल चटकन जिभेवर बसते, आणि नवख्या वृंदाला हे मोठेच सुख! अडचण येते ती आघाताची, म्हणजे शब्दातील जोरकस अक्षराची. धून उचलीच्या, म्हणजे समेआधीच्या, स्वराने सुरू होते. पहिल्या ओळीत ‘ते’ त्या उचलीवर आणि ‘लु’ समेवर नेमका पडतो, परंतु दुसऱ्या ओळीतील ‘रेरुम’चा आघात पहिल्या अक्षरावर असताना सम मात्र ‘रुम’वर येते. संयोजकाने तेवढ्यापुरती उचल गाळून ‘रे’ थेट समेवर घेतला, तरच ती ओळ लॅटिन वाटते. ही खटपट करण्याची तयारी नसेल, तर मी टॅलिसच निवडेन.