आठ महिन्यांनंतर सांगतो, बंगळुरूची टेक कॉन्फरन्स मला परवडली का

आल्या आल्या लिहिलं असतं तर सगळं गोडगोडच लिहिलं असतं म्हणून मुद्दाम थांबलो. 2024 च्या सप्टेंबरात गेलो होतो, पोळा झाला, महालक्ष्म्या उठल्या आणि निघालो, आता मे संपत आला, मधात कापसाचा पूर्ण हंगाम गेला आणि तिथून आणलेलं काय वापरात आलं, काय बॅगेतच राहिलं ते आता स्वच्छ दिसते. कॉन्फरन्सचं नाव लिहीत नाही कारण तक्रारीही लिहायच्या आहेत आणि मोठ्या कॉन्फरन्स थोड्याफार फरकानं सारख्याच असतात.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर हिशोब समजणार नाही. हिंगणघाटपासून 14 किलोमीटरवर गाव आहे, तिथूनच एकटा सॉफ्टवेअरचं काम करतो, जिनिंगवाल्यांसाठी (कापसातून सरकी काढणारे कारखाने) वजनकाट्याचं सॉफ्टवेअर. गाडी आली की भरलेलं वजन घ्यायचं, कापूस खाली झाला की खाली गाडीचं वजन घ्यायचं, फरक तो माल, मग ऑफिसात भाव टाकला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या पैशाचा हिशोब, निघते. तेव्हा सात जिनिंग माझ्याकडे होती. म्हणजे मला पाठवणारी कंपनी नाही, जे जाते ते घरातून जाते. ज्यांचं तिकीट कंपनी काढते त्यांनी बिनधास्त जावं, त्यांच्यासाठी हे लिहिलंच नाही.

खर्च असा झाला. तिकीट 8,500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 10,030. रेल्वे नागपूरहून जाऊन-येऊन 4,100 कारण एक बाजू तत्काळमध्ये काढावी लागली. लॉज चार रात्री 5,600. मेट्रो, ऑटो, बस मिळून 1,900, खाणं 2,200 (दुपारचं जेवण तिथेच होतं), आणि एसटी वगैरे 500. झाले 24,330. वरून सहा दिवस काम बंद, त्यात दोन व्हिजिट गेल्या, साधारण चार हजार ते धरा. 28 हजारांच्या वर गेलं.

आमच्या घरी हा आकडा रुपयात नाही बोलल्या जात. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 होता, बाबांनी तिथल्या तिथं भागाकार केला आणि म्हणाले, "पावणेचार क्विंटल कापूस नेऊन टाकून राहिला तू बंगलोरले. तिथं असं काय भेटते जे मोबाइलवर नाही भेटत?" आमच्या कोरडवाहूत चांगल्या वर्षी एकरी पाच-सहा क्विंटल होते, तेव्हा ते काही उगाच बोलत नव्हते. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

जीएसटीचं एक सांगून ठेवतो कारण हे कोणीच सांगत नाही. माझा जीएसटी नंबर आहे, मला वाटलं 1,530 तर परत येतील. बिल आलं तर त्यात कर्नाटकचा सीजीएसटी-एसजीएसटी. कार्यक्रमाच्या प्रवेशाचा कर कार्यक्रम जिथं होतो त्या राज्यात लागतो, लॉजचंही तसंच, आणि महाराष्ट्रात नोंदणी असलेल्याला त्याचं क्रेडिट भेटत नाही, म्हणजे तो आपल्या जीएसटीतून वजा करता येत नाही, असं सीए साहेबांनी सांगितलं. धंद्याचा खर्च म्हणून इन्कम टॅक्समध्ये दाखवता येते तेवढंच. तर तिकिटाची किंमत पाहताना जीएसटी धरूनच पहा.

आता सेशनबद्दल. तीन दिवसांत मी अकरा सेशन बसून ऐकले. आज प्रामाणिकपणे आठवायला बसलो तर तीन आठवतात, त्यातलं कामात एकही आलं नाही. काही तर स्पॉन्सर कंपन्यांचे होते, पंचवीस मिनिटं त्यांच्याच वस्तूचं वर्णन. एका वर्कशॉपसाठी मी खास गेलो होतो, तिथं जागा भरली म्हणून दारातूनच परत फिरवलं, आणि आधी नाव नोंदवावं लागते हे तिकिटासोबत आलेल्या मेलमध्ये कुठंच नव्हतं. याचा मला आजही राग आहे. इतक्या दुरून माणूस येते तर एवढं तर सांगा. आणि सगळे सेशन महिना-दीड महिन्यात यूट्यूबवर फुकट आले. हे आता बहुतेक सगळीकडेच होते. ॲपलची सॉफ्टवेअरवाल्यांसाठी दरवर्षीची कॉन्फरन्स असते, डब्ल्यूडब्ल्यूडीसी, तिचं तिकीट 2019 पर्यंत 1,599 डॉलर होतं, तेही लॉटरीत नंबर लागला तर, आणि 2020 पासून सगळं ऑनलाइन फुकट आहे, गावात बसून पाहता येते. म्हणून सेशन ऐकायला जाऊन राहिले असाल तर नका जाऊ. हे मी ठामपणे सांगतो. घरी पाहा, थांबवून थांबवून पाहा, इंग्रजी फास्ट असलं तर स्पीड कमी करून पाहा, तिथं ते करता येत नाही.

मग पैसे वसूल कुठं झाले? जेवणाच्या लाइनीत.

हे नीट सांगावं लागेल. 2023 च्या डिसेंबरात, ऐन हंगामात, एका जिनिंगमध्ये माझी डेटाबेसची फाइल, म्हणजे सगळ्या वजनांच्या नोंदी जिच्यात राहतात ती, खराब झाली. रात्रीचे आठ वाजले असतील, गेटबाहेर तीसेक गाड्या लागल्या होत्या, पिकअप, ट्रॅक्टर, दोन-चार बैलबंड्या, लाइट गेली, आली, आणि स्क्रीनवर आलं की फाइल मालफॉर्म्ड आहे. 43 पट्ट्या गेल्या. कार्बनच्या पावतीबुकावरून रात्री दोनपर्यंत परत टाकत बसलो. एका शेतकऱ्याच्या भरलेल्या वजनाची पावती भेटलीच नाही, तो म्हणे इतकं, हमाल म्हणे तितकं, शेवटी मालकानं शेतकऱ्याचं ऐकलं पण तो माणूस जाताना माझ्याकडे जसा पाहून गेला ते मला विसरता येत नाही. त्याचा वर्षाचा माल होता तो. त्या हंगामात असं चार जिनिंगमध्ये मिळून सहा वेळा झालं. मला पक्कं वाटत होतं की लाइटीमुळे होऊन राहिलं. ऑनलाइन दोनदा विचारलं, तेव्हाही मी प्रश्नच असा लिहिला की लाइट गेल्यावर फाइल खराब होते, काय करू, तर सगळ्यांनी सांगितलं यूपीएस लावा. दोन मालकांना अठरा-अठरा हजारांचे यूपीएस घ्यायला लावले. तरी झालंच.

तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या लाइनीत पुढं एक ताई मराठीत फोनवर बोलत होत्या. सोलापूरकडच्या, दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतात, फॅट मोजायची मशीन, वजन, दहा दिवसांचं बिल. म्हणजे माझंच काम, कापसाच्या जागी दूध. मी माझी रडकथा सांगितली. त्यांनी उपाय काहीच सांगितला नाही आधी, फक्त विचारलं, "लाइट न जाता कधी बिघडली का दादा?" मी नाही म्हणणार होतो आणि थांबलो. बिघडली होती. सहातल्या दोनदा भर दुपारी, लाइट असताना. त्या दोन वेळा मी कधी मोजल्याच नव्हत्या, कारण बिघाडाचं कारण तर मला माहीतच होतं ना. मग दुसरा प्रश्न, "फाइल कुठं ठेवलीय?" म्हटलं शेअर फोल्डरमध्ये, काट्याचं मशीन पण उघडते, ऑफिसातलं पण. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "आमचंबी हेच झालतं."

ताट हातात तसंच. भात थंड झाला. त्यांनी पेपर नॅपकिनवर पेननं दोन चौकोन काढले, एक काट्याचं मशीन, एक ऑफिसचं, दोन्हीकडून एका फाइलीवर बाण. डेटाबेससाठी मी वापरतो ते एसक्यूलाइट. ते लाइट जाण्याला तसं घाबरत नाही, अर्धवट राहिलेली नोंद परत चालू झाल्यावर स्वतःच मागं घेते. पण दोघांनी एकाच वेळी लिहू नये म्हणून ते फाइलला कुलूप लावते आणि नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये त्या कुलपाचा भरवसा नसतो. एकाला वाटते कुलूप आपल्याकडे आहे, दुसऱ्यालाही तेच वाटते, दोघंही लिहितात, फाइल गेली. लाइट जाऊन नेटवर्क मधातच तुटलं की ते जास्त होत असेल, म्हणून मला लाइटच दिसत होती. मग त्यांनी एक बाण खोडला. फाइल एकाच मशीननं उघडायची, दुसऱ्यानं त्या मशीनवरच्या छोट्या सर्व्हर प्रोग्रामला विचारायचं, फाइलला हात लावायचा नाही. एवढंच. तो नॅपकिन माझ्याकडे अजून आहे, टेबलाच्या काचेखाली.

तुम्ही म्हणाल हे तर एसक्यूलाइटच्या वेबसाइटवर लिहिलेलं आहे. हो आहे, साफ शब्दात आहे, आल्यावर मी वाचलं. पण मी ते पान उघडलंच नसतं, कारण मी शोधत होतो लाइट. इंटरनेटवर आपण जे विचारतो त्याचंच उत्तर येते. समोरचा माणूस, आणि तोही त्याच खड्ड्यात पडून उठलेला, उलटं आपल्यालाच विचारते. बाबांच्या प्रश्नाचं माझं उत्तर आता हे आहे.

आल्यावर ऑक्टोबरात पंधरा दिवस बसून ते बदललं, सातही ठिकाणी टाकलं, दिवाळीत गाड्या सुरू व्हायच्या आत. नोव्हेंबर ते मार्च एकाही जिनिंगमध्ये फाइल खराब झाली नाही. एकदाही नाही. जानेवारीत आमचाच ट्रॅक्टर काट्यावर उभा होता, बाबा सोबत होते, खाली गाडीचं वजन घेतलं आणि लाइट गेली. मी काही बोललो नाही पण पोटात गोळा आला होता. जनरेटर लागला, कॉम्प्युटर चालू झाला, काटेवाल्या पोरानं गाडी नंबर टाकला आणि वजन जसंच्या तसं समोर. प्रिंटरमधून पट्टी निघाली, बाबांनी ती दोन वेळा वाचली, घडी केली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

पैशाचा हिशोब म्हणाल तर मी वर्षाला जिनिंगमागे 12 हजार मेंटेनन्स घेतो. दोन मालक सोडून जायच्या तयारीत होते, दोघंही थांबले, हे 24 हजार. त्यातल्या एकानं वणीकडच्या त्याच्या पाहुण्याला सांगितलं, ते आठवं जिनिंग आलं. म्हणजे एका हंगामात निघाले पैसे. पण हे मी नशिबाचंही धरतो. त्या लाइनीत मी पाच माणसं मागे असतो तर आज मी वेगळं लिहिलं असतं.

जे बिलकुल कामाचं नव्हतं तेही ऐका. स्टॉलवर टी-शर्टसाठी बॅजचा क्यूआर स्कॅन करू दिला, तर फेब्रुवारीपर्यंत क्लाउड आणि ट्रेनिंग विकणाऱ्यांचे फोन येत होते, गंज फोन, ऐन काट्याच्या वेळी. टी-शर्ट एका धुण्यात गेला. स्कॅन करू देऊ नका, किंवा वेगळा नंबर द्या. सत्तावीस जणांचे नंबर घेतले होते, आज बोलणं तिघांशी आहे. पण ते तिघं खरे आहेत. सोलापूरच्या ताईंचा फेब्रुवारीत फोन आला, त्यांना एका केंद्रावर वजनकाटा जोडायचा होता, सिरीयल पोर्टवरून वजन नीट वाचल्या जात नव्हतं, ते काम माझ्या हातचं, रात्री कोड पाठवला, सकाळी चालू झालं. गावात एकट्यानं हे काम करताना आपण जे करून राहिलो ते बरोबर आहे का हे सांगणारं कोणी नसते. त्या आठ महिन्यांत मला तीन माणसं भेटली ज्यांना विचारता येते. याला मी किती रुपये लावू ते मला कळत नाही, म्हणून वरच्या हिशोबात धरलं नाही.

कमी पैशात जायचं असेल तर पाहा, स्वयंसेवकांनी चालवलेल्या कॉन्फरन्स स्वस्त पडतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची पायकॉन इंडिया 2009 पासून आहे, तिथं ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी आर्थिक मदतीचा अर्जही असतो. तसा अर्ज करण्यात लाज काही नाही, मला आधी माहीत असतं तर मी केला असता. बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवक म्हणून काम केलं तर तिकीट लागत नाही. आणि नागपुरात छोटे मीटअप होतात, सकाळच्या एसटीनं जाऊन रात्री घरी येता येते. मी जानेवारीनंतर दोनदा गेलो, तिथं पंधरा-वीस माणसं, सगळ्यांशी बोलणं होते.

यंदाचं अर्ली बर्ड, म्हणजे लवकर काढणाऱ्यांचं स्वस्त तिकीट सुरू झालं आहे, बाबांनीच परवा विचारलं, "यंदा जातं का मंग?" अजून काढलं नाही. मागच्या वेळी निघताना माझ्याकडे एक अडलेला प्रश्न होता, आधीच्या हंगामापासून छळणारा. या वर्षी वहीत दोन लिहून ठेवले आहेत. एक म्हणजे पट्टीची नोंद थेट शेतकऱ्याच्या मोबाइलवर कशी द्यायची, नेट नसलेल्या जिनिंगमधून, आणि दुसरा बॅकअपचा. पहिला मी आधी नागपूरच्या मीटअपमध्ये आणि ताईंना विचारणार आहे. जुलैपर्यंत नाही सुटला आणि कुठं हैदराबादला काही चांगलं असलं तर जाईन, कारण आता नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सेवाग्रामला थांबते, पहाटे बसलं की दुपारी तिथं, लॉजची एक रात्र वाचते आणि तत्काळचे पैसेही.