४ टीबी डिस्क, जुनं बायोस आणि बूट न होणारा सर्व्हर – ११ महिने वापरल्यानंतर

फोटो स्टुडिओसाठी गेल्या गणपतीत सेकंडहँड टॉवर सर्व्हर घेतला, त्यात ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क, डेबियन १२ (लिनक्स) आणि सॉफ्टवेअर रेड १, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकच डेटा. मशीनला युईएफआय नाही, त्याच्या आधीचं जुनं बायोसच आहे (मशीन सुरू करून डिस्कवरून सिस्टिम उचलणारा बोर्डावरचा प्रोग्राम). डिस्कचे भाग नोंदवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीला २ टीबीच्या पुढची जागा मोजताच येत नाही म्हणून नवी जीपीटी पद्धत घेतली, ग्रबसाठी (लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर) १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन, मग ८ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा), आणि राहिलेलं सगळं रूटला, म्हणजे सिस्टिम आणि डेटाच्या मुख्य पार्टिशनला. कर्नल आणि ग्रबच्या फाइल्स असतात त्या /boot फोल्डरला वेगळं पार्टिशन काढलं नाही, चूक तिथेच झाली.

आठ महिने मशीन लोण्यासारखं चाललं. मेमध्ये ऐन लग्नसराईत कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट आला, रीबूट केलं, ग्रबचा मेनू आला आणि एंटर मारल्यावर 'अटेम्प्ट टू रीड ऑर राइट आउटसाइड ऑफ डिस्क', म्हणजे डिस्कच्या हद्दीबाहेरचं वाचायला जातोय असा एरर. पोटात गोळाच आला, लोकांचे अल्बम द्यायचे बाकी होते. ज्यांच्याकडून मशीन घेतलं ते फोनवर म्हणाले डिस्क गेली, बदला. पण लाइव्ह यूएसबीवरून बघितलं तर स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) स्वच्छ, रेडमध्ये दोन्ही डिस्क हजर. मग मेनूतून जुना कर्नल निवडून बघितला आणि मशीन पहिल्या झटक्यात सुरू! डिस्क गेली असती तर असं झालं नसतं.

भानगड अशी की बूट होताना ग्रब डिस्क वाचतो ती बायोसमार्फत, आणि माझ्या बायोसला २ टीबीच्या पलीकडचं दिसतच नाही (डिस्कच्या डब्यावरच्या हिशोबाने २.२). लिनक्स एकदा चालू झालं की स्वतःचा ड्रायव्हर वापरतं, त्याला सगळं दिसतं, म्हणून आठ महिने काही कळलंच नाही. डेटा अडीच टीबीच्या वर गेला आणि नवीन इनिटआरडी फाइल (कर्नलबरोबर बूटला लागते ती, हिलाच इनिटरॅमएफएस म्हणतात) नेमकी पलीकडच्या जागेत जाऊन बसली. फाइल डिस्कवर कुठे बसलीय ते फाइलफ्रॅग कमांडने बघा, ४ केबीच्या ब्लॉकने साधारण साडेत्रेपन्न कोटी ही हद्द, माझी फाइल ५८ कोटींच्या घरात होती. फाइल परत कॉपी केली की कधी कधी हद्दीच्या अलीकडच्या जागेत येते, पण त्या भरवशावर राहू नका, कारण ग्रबची कॉन्फिग फाइलसुद्धा प्रत्येक अपडेटला नव्याने लिहिली जाते आणि ती पलीकडे गेली तर मेनूही येणार नाही.

नशीब की स्वॅप डिस्कच्या सुरुवातीलाच होतं. बॅकअप घेतला, स्वॅप बंद केलं, त्यातलं १ जीबी दोन्ही डिस्कवर काढून बूटसाठी वेगळं रेड १ बनवलं, फाइल्स हलवल्या, एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीत) नवे युयुआयडी, म्हणजे पार्टिशनचे ओळख क्रमांक टाकले, आणि ग्रब दोन्ही डिस्कवर इन्स्टॉल केला. हे शेवटचं बरेच जण विसरतात, मग पहिली डिस्क गेली की रेड असूनही मशीन बूट होत नाही. मी एकेक डिस्कची केबल काढून दोन्हीवरून बूट करून बघितलं तेव्हाच जीव भांड्यात पडला. एक राहिलं होतं, स्वॅपचा युयुआयडी बदलल्यामुळे बूट होताना मशीन जुन्या रिझ्यूम डिव्हाइसची (हायबरनेटमधून परत यायला वापरतात त्या स्वॅपची) वाट बघत अडायचं, तो रिझ्यूम फाइलमध्ये बदलून इनिटरॅमएफएस परत बनवलं.

तुमच्या मशीनला युईएफआय असेल तर तेच वापरा, हा त्रास बहुतेक येणारच नाही. जुनं बायोस आणि मोठी डिस्क असेल तर बूट वेगळं, डिस्कच्या सुरुवातीला, १ जीबी, यात काटकसर नको. मेनंतर दोन कर्नल अपडेट झाले, दोन्ही वेळा मी मॉनिटर लावून समोर बसलो होतो, दोन्ही वेळा सरळ लॉगिनपर्यंत गेलं.